फुनाफुटीत फुलाफुलांची लुंगी

आमच्या सोसायटीत परदेशवारीला आता काडीची किंमत राहिलेली नाही. पूर्वी कोणी सिंगापूरला जाऊन आलं की महिनाभर त्याच्याकडे फोटो बघायला माणसं जायची. आता तळमजल्यावरचे काका गुडघ्याच्या ऑपरेशनआधी व्हिएतनाम करतात आणि टाके निघाले की बाकू. लिफ्टमध्ये ‘कुठे निघालात?’ विचारावं, तर उत्तर ‘दळण आणायला’ येईल की ‘आइसलंड’, हे हातातल्या पिशवीवरून ओळखता येत नाही. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाने अशा वेळी जायचं तरी कुठे?

हा प्रश्न आमच्या चिरंजीवांनी सोडवला. ते ऑकलंडला असतात. तिथे तुवालूची बरीच मंडळी स्थायिक आहेत, त्यांतला एक त्याच्या ऑफिसात. आम्ही नातवाचं कौतुक करायला गेलो होतो, तेव्हा जेवताना विषय निघाला. “बाबा, इथवर आलाच आहात तर तुवालू करून या. जगात सगळ्यांत कमी पर्यटक जातात अशा देशांपैकी आहे. शिवाय समुद्र वर चढतोय, अजून काही वर्षांनी काय असेल सांगता येत नाही.” यातलं पहिलं कारण मला पटलं, दुसरं हिला. दुकानदाराने ‘शेवटचाच पीस आहे’ म्हटलं की आमच्या सौ. रंगसुद्धा बघत नाहीत.

सोसायटीच्या ग्रुपवर मी ‘तुवालूला निघालो’ एवढंच टाकलं. पहिलं उत्तर आलं, ‘गेट वेल सून’. दुसऱ्याने विचारलं, हे तेलुगू आहे का? तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी मात्र नकाशा बघून लिहिलं, ‘सापडत नाही, पण शुभेच्छा.’

सापडत नाही यात अण्णांची चूक नाही. ऑस्ट्रेलिया आणि हवाई यांच्या मधोमध पॅसिफिकात नऊ बेटं आहेत आणि सगळ्यांची मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर. माणसं अकरा हजारांच्या आसपास. १ ऑक्टोबर १९७८ ला हा देश ब्रिटिशांकडून स्वतंत्र झाला. राजधानी फुनाफुटी. ही प्रवाळाची एक अवाढव्य वेडीवाकडी कड आहे, तिच्या आत २७५ चौरस किलोमीटरचं लगून, म्हणजे कडेने वेढलेलं समुद्राचं पाणी, आणि कडेवर, जिथे जिथे वाळू साचली तिथे तिथे, मिळून अडीच चौरस किलोमीटरही न भरणारी जमीन. विमान, संसद, पोस्ट, चर्च, डुकरं, सगळं यातल्या फोंगाफाले नावाच्या एका बेटावर. लांबी बारा किलोमीटर. रुंदी जास्तीत जास्त चारशे मीटर, आणि काही ठिकाणी इतकी कमी की स्कूटरवर बसल्या बसल्या डावीकडे महासागर आणि उजवीकडे लगून दिसतं आणि मध्ये फक्त आपण.

तयारीत पहिला फटका पैशांचा. तुवालूत ऑस्ट्रेलियन डॉलर चालतात, पण तेव्हा कार्ड चालत नव्हतं आणि एटीएम नव्हतं. (ते २०२५च्या एप्रिलमध्ये आलं. आम्ही येऊन गेल्यावर.) म्हणजे राहणं, खाणं, फिरणं, सगळं रोख बरोबर न्यायचं. मी हयात रोकड मोजण्यात घालवलेली, त्यामुळे माझं काही अडलं नसतं, पण हिने कारभार हातात घेतला. थोड्या नोटा माझ्या बनियनच्या शिवलेल्या खिशात, थोड्या तिच्या पर्समध्ये आणि मुख्य गंगाजळी मेतकुटाच्या डब्यात, तळाशी, पिशवीत गुंडाळून. “चोर मेतकुट कशाला चोरेल?” हा तिचा बिनतोड सवाल.

फिजीच्या कस्टममध्ये खाण्याच्या वस्तूंचा फॉर्म आम्ही इमानेइतबारे भरला होता. समोरचा ऑफिसर भारतीय वंशाचा, पण फिजीत पाच पिढ्या गेलेला. त्याने साबुदाण्याचं पाकीट वर धरलं आणि विचारलं, “ई कोंची है?” हिने मुंबईच्या हिंदीत उपवासाचं महात्म्य सांगायला घेतलं. दोन वाक्यांत त्याला साबुदाणा कळला, पुढची पंधरा वाक्यं त्याने मान देऊन ऐकली. “हमार आजी भी रखत रही,” म्हणाला आणि सगळं परत बॅगेत भरून दिलं. मेतकुटाचा डबा त्याने हुंगला, शिंकला आणि झाकण लावलं. चोरांबद्दलचा हिचा अंदाज कस्टमलाही लागू पडला.

फिजीची राजधानी सुवा, तिथून फुनाफुटीचं विमान पंख्याचं, छोटं, आणि आठवड्यातून मोजक्याच दिवशी. त्याच्या वजनाचा हिशोब फार काटेकोर असतो. माणसं, इंधन, टपाल, औषधं, आणि मग जागा उरली तर बॅगा. विमानतळाचा कोड ‘एफ-यू-एन’, म्हणजे चक्क ‘फन’. माझ्या बॅगेला तो टॅग मोठ्या अक्षरांत लावलेला मी स्वतः पाहिला. ती बॅग पुन्हा दिसायला बराच काळ गेला.

उतरताना खिडकीतून जे दिसतं त्याला मी तरी उगाच रम्य म्हणणार नाही. आधी नुसतं पाणी. मग आणखी पाणी. मग पाण्यावर एक हिरवी रेघ, आणि विमान तिच्याकडे निघालेलं. आपण रेघेवर उतरणार आहोत हे लक्षात आलं तेव्हा हिने माझा हात घट्ट धरला. इतकी वर्षं झाली लग्नाला, पण हा मान आधी फक्त दंतवैद्याकडे मिळाला होता. खाली अग्निशमनाच्या बंबाचा भोंगा वाजत असतो. त्याचा अर्थ, पोरं, कुत्री, स्कूटरी आणि व्हॉलीबॉलची जाळी धावपट्टीवरून बाजूला घ्या, विमान येतंय. भोंगा वाजला की बाकी गाव कडेला गोळा होतं. कोण आलं, कोण गेलं, कोणाचं काय सामान आलं, हे सगळं प्रत्यक्ष बघून घेतल्यावरच लोक घरी जातात. माझं सामान आलं नाही ही बातमी त्यामुळे माझ्याआधी आमच्या गेस्टहाउसवर पोचली.

“पुढच्या विमानाने येईल,” काउंटरवरचा मुलगा म्हणाला. पुढचं विमान कधी? त्याने वार सांगितला आणि प्रामाणिकपणे जोडलं, “आलं तर.”

गेस्टहाउसची मालकीणबाई दारात उभी होती, दणकट, हसरी, माझ्याहून उंच. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. ऑकलंडच्या थंडीतली जाड पँट, फुल शर्ट, बूट. बाहेर हवा अशी की नुसतं उभं राहिलं तरी घामाची आंघोळ. ती आत गेली आणि एक कापड घेऊन आली. निळ्या जमिनीवर पांढरी जास्वंदी, प्रत्येक फूल ताटाएवढं. इथे बाई-बाप्ये सगळेच हे कमरेला गुंडाळतात, त्याला सुलू म्हणतात. मी म्हटलं, मी असलं काही कधी नेसलेलो नाही. ही म्हणाली, “अहो, तुमचे वडील पंचा नेसून बाजारात जायचे.” गेले असतील, पण त्यांच्या पंचाला जास्वंद नव्हती.

पुढे त्या लुंगीत मी राजधानीत फिरलो, बँकेत गेलो, पोस्टात तिकिटं विकत घेतली, आणि रविवारी चर्चमध्येसुद्धा. रविवारी तिथे दुसरं काही उघडं नसतं, आणि मालकीणबाईच्या घरातला पाहुणा घरी बसलेला तिला चालत नाही. वरून घालायला तिच्या यजमानांचा पांढरा शर्ट मिळाला, ज्यात मी आणि माझी बॅग दोघे मावलो असतो. गाणं मात्र ऐकत राहावं असं. वाद्य नाही, पेटी नाही, नुसते गळे, आणि बायकांचा सूर वर, पुरुषांचा खाली, मध्ये कुठेही फट नाही. मी गात नसूनही माझ्या बाकावर कंप जाणवत होता.

तर पर्यटन. आमच्या पिढीला सहल म्हटली की पॉइंट लागतात. हिने पहिल्याच सकाळी मालकीणबाईला विचारलं, सनराइज पॉइंट कुठे? बाईने मागचं दार उघडलं. मागच्या दाराशी महासागर होता. आणि सनसेट पॉइंट? बाईने पुढचं दार उघडलं, रस्ता दाखवला, रस्त्यापलीकडे लगून. दोन्ही पॉइंटमध्ये चालत पाच मिनिटं, तीही मध्ये कोणाशी बोललो म्हणून. हिल पॉइंट विचारायची सोय नव्हती. देशातली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून साडेचार मीटरच्या थोडी वर. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. म्हणजे दूधवाला रोज सकाळी तुवालूपेक्षा उंच चढतो.

मग एक प्रेक्षणीय स्थळ कळलं आणि मी हिला घेऊन गेलो. कोपऱ्यावर विचारत, घरांच्या मधून, वाळत घातलेल्या चादरींखालून. शेवटी एका मोकळ्या जागेत थोडं सिमेंट आणि त्यात एक भोक.

“हे?” ही म्हणाली.

हे. आणि हे साधं भोक नाही. डार्विनने १८४२ साली लिहून ठेवलं होतं की अशी कंकणाकृती प्रवाळबेटं म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखींच्या कडा. डोंगर हळूहळू खाली बसतो, त्याच्या काठावर प्रवाळ वर वर वाढत जातं, शेवटी डोंगर दिसेनासा होतो आणि कड राहते. खरं की खोटं, हे ठरवायचं तर एकच उपाय, भोक पाडा आणि बघा खाली काय लागतं. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यासाठी फुनाफुटी निवडली. १८९६ ला पहिली मोहीम आली, आणि वाळू ढासळून यंत्र अडकलं. १८९७ ला सिडनीचे प्राध्यापक एजवर्थ डेव्हिड आले, १८९८ ला काम पुन्हा चाललं, आणि अखेर १,११४ फुटांपर्यंत भोक गेलं. काय लागलं? प्रवाळ. आणि त्याच्याखाली? प्रवाळच. डोंगर काही हाताला लागला नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे विद्वान ‘बघा, मी म्हणतच होतो’ म्हणायला मोकळे राहिले. निकाल लागला थेट १९५२ साली, मार्शल बेटांतल्या एनिवेटॉकला, जिथे अमेरिकनांनी चार हजारांहून जास्त फूट खोल जाऊन ज्वालामुखीचा काळा पाषाण गाठला. डार्विन बरोबर होता, पण तोवर त्याला जाऊन सत्तर वर्षं झाली होती.

हे सगळं मी हिला उन्हात उभं करून सांगितलं. प्राध्यापकांबरोबर १८९७ ला त्यांची बायको कॅरोलाइनही आली होती, तिने इथल्या बायकांत राहून, आजाऱ्यांना औषधपाणी करून, पुढे त्यावर खुमासदार पुस्तक लिहिलं, हेही सांगितलं. एवढ्याच भागावर हिचा चेहरा खुलला. “म्हणजे नवऱ्याने भोक पाडलं आणि कामाची गोष्ट बाईने केली,” असा शास्त्रीय निष्कर्ष काढून ती सावलीत गेली. मी भोकाचा फोटो काढला. ग्रुपवर टाकायला नको हे फोटो बघितल्यावर माझ्याच लक्षात आलं.

पाठवता आला असता असंही नाही. या देशाच्या वाट्याला इंटरनेटवर ‘डॉट टीव्ही’ हे नाव आलं, आणि जगभरच्या व्हिडिओवाल्यांना नेमकं तेच हवं असल्यामुळे त्याच्या भाड्यावर सरकारला चांगलं उत्पन्न मिळतं. २००० साली संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व घेतलं तेही त्याच पैशाच्या जोरावर. पण आम्ही होतो तेव्हा त्या डॉट टीव्हीच्या मायभूमीत एक फोटो वर चढवायला लागणाऱ्या वेळात माझी चहाची एक फेरी, एक आंघोळ आणि विष्णुसहस्रनामातला बराचसा भाग व्हायचा.

आंघोळीचंही एक प्रकरणच. इथे नदी नाही, ओढा नाही, विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही. पाणी म्हणजे छपरावर पडलेला पाऊस, पन्हळीतून टाकीत. पाऊस मुंबईहून जास्त पडतो, पण साठवायला जमीनच नाही. २०११ साली महिनोन्‌महिने पावसाने दडी मारली तेव्हा आणीबाणी पुकारावी लागली आणि घराला दिवसाला दोन बादल्या पाणी मिळायचं. मालकीणबाईने हे सांगितल्यापासून हिने माझ्या आंघोळीच्या पाण्यावर देखरेख ठेवली. बाहेरून आवाज यायचा, “अहो, पुरे.”

माझा जीव खरा रमला तो धावपट्टीवर. अमेरिकन सैन्य १९४२च्या ऑक्टोबरात इथे उतरलं आणि जपान्यांशी लढायला त्यांनी ही पट्टी बांधली. त्यासाठी माड तोडले, पुलाका नावाचा अळकुडीचा राक्षसी भाऊबंद ज्या खड्ड्यांत पिकायचा ते खड्डे बुजवले, आणि भरावासाठी बेटभर दुसरे खड्डे खणले. ते पुढे सत्तर वर्षं कचरा आणि खारं पाणी साठवत तसेच राहिले, न्यूझीलंडच्या पैशाने २०१५ साली बुजले. बेटाची सगळ्यांत रुंद, सगळ्यांत चांगली जमीन अशी डांबराखाली गेली. मग लोकांनी तिचा वापर परत सुरू केला. विमान आठवड्यात थोडा वेळ असतं, बाकी सगळा वेळ पट्टी गावाची. संध्याकाळी एका टोकाला रग्बी, मधे फुटबॉल, पलीकडे व्हॉलीबॉल, आडव्या जाणाऱ्या स्कूटरी, आणि कडेला गप्पा मारत बसलेली म्हातारी माणसं. उकाड्याच्या रात्री लोक चटया घेऊन तिथेच झोपायला येतात. मी रोज पहाटे या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड किलोमीटर, आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या धावपट्टीवर, फुलाफुलांच्या लुंगीत मॉर्निंग वॉक केला. मुंबईला टर्मिनलच्या दारात गाडी दोन मिनिटं जास्त थांबली तर शिट्टी मारतात.

जेवणाची काळजी हिला होती. मी मासे खाणारा, मला ताज्या टुनाचे कच्चे तुकडे नारळाच्या दुधात आणि लिंबात भिजवून दिले आणि मी पुन्हा मागितले. ही शाकाहारी. पहिले दोन वेळ भात आणि मेतकुट झालं. तिसऱ्या वेळी तिला अंगणातल्या झाडावर नीरफणस दिसला, आणि मग माझ्याकडे कोणी बघितलंच नाही. बाई तो भाजतात नाहीतर उकडतात. हिने त्याची पातळ कापं केली, मीठ, तिखट, हळद लावली, रव्याऐवजी मैद्यात घोळवली आणि तव्यावर सोडली. रत्नागिरीच्या आजोळचा वास पॅसिफिकात सुटला. पोरांनी तव्यावरूनच उचलली. दुसऱ्या दिवशी बाईने हिला पहाटे उठवून तैवानच्या मळ्यावर नेलं. प्रवाळाच्या वाळूत भाजी येत नाही, म्हणून तैवानच्या लोकांनी इथे पालापाचोळा कुजवून माती तयार केली आहे आणि तीत काकडी, कोबी, पालेभाज्या काढतात. विक्रीच्या दिवशी उजाडायच्या आत रांग लागते. रांगेत ही तिसरी होती. आल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला आयफेल टॉवरच्या वेळी दिसलं नव्हतं.

याच काळात मेतकुटाचा डबा कलंडला. नोटा पिवळ्या झाल्या आणि हिंगाचा वास मारायला लागल्या. पण ऑस्ट्रेलियन नोटा प्लास्टिकच्या असतात. आम्ही त्या साबणाने धुतल्या आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. बँकेत इतकी वर्षं काढली, पण पैसा इतका स्वच्छ असलेला मी प्रथमच पाहिला. समोरच्या घरातली म्हातारी बराच वेळ दोरीकडे बघत होती. ती मग मला रोज जरा जास्तच अदबीने ‘तालोफा’ करू लागली.

बुडण्याचा विषय आम्ही आपणहून काढत नव्हतो, बरं दिसत नाही म्हणून. पण हिला राहवेना. आम्ही पोचलो तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत होतं, उलट नवी जमीन दिसत होती. लगूनची वाळू उपसून किनाऱ्याला ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद भराव घातलाय, तो २०२३ ला पुरा झाला. शास्त्रज्ञांनी जुने हवाई फोटो मोजून असंही दाखवलंय की १९७१ ते २०१४ या काळात तुवालूची एकूण जमीन २.९ टक्के वाढली, कारण लाटा प्रवाळाची वाळू ढकलून आणतात. मी हे हिला सांगितलं. हिला फसवल्यासारखं वाटलं.

“पाणी कुठून येतं तुमच्याकडे?” हिने शेवटी बाईला विचारलंच.

बाईने अंगणाकडे, आमच्या पायांकडे बोट दाखवलं. “इथून.”

जमीन म्हणजे सच्छिद्र प्रवाळ. फेब्रुवारी-मार्चच्या मोठ्या भरतीला समुद्र किनारा ओलांडून येत नाही, तो खालून बुडबुडे काढत अंगणात उगवतो. पुलाका खारतो, डुकरं हलवावी लागतात, पोरं त्यात खेळतात, भरती ओसरली की बाई केर काढते. “तुमच्यासारखे बरेच येतात,” ती म्हणाली. “कॅमेरे घेऊन. विचारतात, कधी? जसं काही मला तारीख कळवलीय.” हिने चटकन विषय बदलून नीरफणसावर आणला.

ऑस्ट्रेलियाशी तेव्हा नुकताच करार झाला होता. वर्षाला २८० तुवालूवासीयांना तिकडे जाऊन राहता येईल, नावं सोडतीने काढायची. बाई म्हणाली, मी नाव घालणार. म्हणजे जाणार? “घालणार म्हटलं. जाणार कुठे म्हटलं?” म्हाडाच्या सोडतीत हयातभर अर्ज भरून चाळ न सोडणारी माणसं आमच्या नात्यात आहेत, त्यामुळे मला हे लगेच समजलं. २०२५ साली पहिली सोडत झाली तेव्हा कुटुंबीय धरून साडेआठ हजारांवर लोकांनी नावं घातल्याचं वाचलं. बाई त्यांत असणारच.

बेटाच्या टोकाला, जिथे २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेसाठी तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून भाषण केलं होतं, तिथे हिला माझा फोटो हवा होता. मी सुलू वर खोचून पाण्यात उभा राहिलो. भाषण नव्हतं, म्हणून नुसता गंभीर चेहरा केला. तो फोटो रात्रभर चढत होता. सकाळी अण्णांचं उत्तर आलं, ‘पाणी ओसरेल, काळजी करू नका. लुंगी कुठून घेतली?’

आणि मग संकष्टी आली. ही संकष्टी सोडत नाही, मग ती ऑकलंडला असो की विमानात. साबुदाण्याची सोय होती, पण चंद्रोदयाची नव्हती. कालनिर्णयात मुंबईची वेळ असते, पुण्याची, नागपूरची, बेळगावची. फुनाफुटीची नाही. मी कागद घेऊन बसलो. भारत साडेसहा तास मागे, आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेआठ अंशांवर, चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा, आणि तिथी कुठल्या उदयाला लागते तो प्रश्न वेगळाच. दोन पानं भरली, उत्तर दुपारी चार आलं. हिने कागद बाजूला ठेवला आणि बाईच्या म्हाताऱ्या वडिलांना विचारायला सांगितलं. म्हातारबाबांनी जन्म मासेमारीत घालवलेला. त्यांनी आकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. माशाचं जाळं सांधता सांधता म्हणाले, जेवणं होऊन भांडी घासून झाली की. म्हणजे नऊच्या सुमारास.

उपास सोडायला मोदक हवे होते. तांदळाची पिठी नव्हती, दुकानात मैदा होता, म्हणजे तळणीचे. नारळ पायलीला पन्नास. बाईने एक बुटकं लाकडी बैठं आणलं, त्याच्या टोकाला दातेरी लोखंडी पातं ठोकलेलं. आमच्याकडे विळीच्या टोकाला खवणी असते, इथे स्टुलाच्या. ही बसली, पदर खोचला आणि नारळाची वाटी पात्यावर फिरवायला लागली. शुभ्र चव खाली पडू लागला. बाई बघत राहिली, मग तिने हिला उठवलं आणि स्वतः बसली. तिचा नारळ हिच्या निम्म्या वेळात झाला. करवंटीला पांढरं लागलं नव्हतं आणि चवात काळं आलं नव्हतं. ही काही बोलली नाही, पण पुढचा नारळ तिने मुकाट्याने बाईच्या हातात दिला. हिच्या बाबतीत याला दंडवत म्हणायचं.

गूळ नव्हता, तिथेच अडलं असतं. पण इथेही आमच्या कोकणासारखीच माडाची पोय छाटून रस उतरवतात. ताजा रस पितात, आंबवून पुरुष पितात, आणि उकळून त्याचा लालसर दाट पाक करून ठेवतात. बाईने बाटली उघडली, हिने बोट लावून चाखलं आणि मला म्हणाली, “अहो, हा तर माडाचा गूळ! नुसता घट्ट व्हायचा राहिलाय.” चव आणि पाक एकत्र शिजले, वेलदोडा हिच्या पर्समधून निघाला, आणि रात्री आठपर्यंत एकवीस मोदक ताटात होते.

नऊ वाजता मागच्या दारी, महासागराच्या कडेला, ढग. सव्वानऊ, ढग. बाईचं सगळं कुटुंब, शेजारची म्हातारी आणि तिची नातवंडं आमच्याबरोबर चंद्राची वाट बघत वाळूत बसलेली. ताटाभोवती पोरांचं वर्तुळ लहान होत चाललं होतं. म्हातारबाबा म्हणाले, तो वर आलाय, तुम्हाला दिसत नाही एवढंच. ही ऐकेना, दिसल्याशिवाय अर्घ्य नाही. अखेर ढगाला एक फट पडली, पाण्यावर थोडा उजेड सांडला, आणि हिने घाईघाईने पळीभर पाणी सोडलं. मी त्या जास्वंदीच्या लुंगीत उभं राहून अथर्वशीर्ष म्हटलं. जेवणाआधीची प्रार्थना त्यांच्या अंगवळणी, त्यामुळे सगळ्यांनी डोळे मिटून, माना खाली घालून, शेवटपर्यंत ऐकलं. मी ‘शांतिः शांतिः शांतिः’ला आलो आणि सगळ्यांनी एका सुरात, तीन पट्ट्यांत, ‘आमेन’ म्हटलं. ताटात मोदक अठराच होते.

परतीचं विमान ठरल्या दिवशी आलं नाही. पाऊस होता म्हणे. त्याच्या आधीच्या विमानात माझी बॅग नव्हती, कारण औषधं आणि एक शवपेटी होती, आणि त्यावर मी काय बोलणार. अखेर एका सकाळी भोंगा वाजला. गाव कडेला आलं, आम्हीही आलो, गळ्यात बाईने विणलेल्या फुलांच्या माळा, डोक्यावर मुकुट. विमानातून पहिल्यांदा उतरली ती माझी बॅग. गावाने टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. सगळ्यांना ती माहीत होती.

त्याच विमानाने आम्ही निघणार होतो, त्यामुळे ती पट्टीवरून काउंटरवर आणि काउंटरवरून काट्यावर गेली, उघडायचीही गरज पडली नाही. काउंटरवर तोच मुलगा. शेजारी हिची बॅग आणि बाईने दिलेला गठ्ठा. त्यात केवड्याच्या पानांची एक चटई, पाकाच्या दोन बाटल्या, आणि ते बुटकं खवणीचं बैठंसुद्धा. ते हिने मागितलं की बाईने दिलं, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. मुलाने आकडे लिहिले, बेरीज केली, पुन्हा केली. मी उलट्या बाजूने वाचून त्याच्या आधीच केली होती. वजन जास्त. एक नग मागे ठेवावा लागेल, पुढच्या विमानाने पाठवू.

“कुठला ठेवू?” त्याने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत हिने माझ्या बॅगेवर बोट ठेवलं.

“ही ठेव बाळा. त्यांना सवय आहे.”